हिटलरच्या राज्यात चर्चने विरोध उभारला तो नेमका कसा? (जर्मनी, नॉर्वे, फ्रान्स)

सोपारा
जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांचं नाव निघालं की बोलणं थेट फ्लॉसेनबुर्ग छावणीतल्या फाशीपाशी जाऊन थांबतं. ती फाशी ९ एप्रिल १९४५ची. त्याआधीच्या बारा वर्षांत पाळकांनी, बिशपांनी आणि साध्या मंडळीने काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय कोसळलं, यावर तपशिलात बोलता यावं म्हणून हा धागा.

सुरुवात ७ एप्रिल १९३३पासून करतो. त्या दिवशीच्या सरकारी नोकरांच्या कायद्यात 'आर्य कलम' होतं: ज्यू वंशाच्या माणसाला सरकारी नोकरीत जागा नाही. प्रोटेस्टंट चर्चमधला नाझी समर्थकांचा गट स्वतःला 'डॉइचे ख्रिस्टन', म्हणजे 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवत असे. हेच कलम चर्चलाही लावावं ही त्यांची मागणी. २३ जुलै १९३३ला चर्चच्या निवडणुका झाल्या, आदल्या संध्याकाळी हिटलर स्वतः रेडिओवरून त्यांच्या बाजूने बोलला आणि गटाला सुमारे दोन तृतीयांश मतं पडली. सप्टेंबरात प्रशियाच्या सिनडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेने, कलम मंजूरही केलं. बरेच प्रतिनिधी तपकिरी गणवेशात येऊन बसले होते, म्हणून त्या सभेला 'तपकिरी सिनड' हेच नाव पडलं.

इथे भांडणाचा मुद्दा बाप्तिस्म्याचा होता. बाप्तिस्मा झालेला, दीक्षा मिळालेला पाळक केवळ आजीच्या वंशामुळे व्यासपीठावरून उतरवला जाणार असेल तर बाप्तिस्म्याला काही अर्थच उरत नाही. एरवी सरकारविरुद्ध ब्र न काढणारे अनेक पाळक या एका गोष्टीवर अडून बसले. मार्टिन नीमोलर यांनी त्याच महिन्यात 'फारर-नोटबुंड' ही पाळकांची आपत्कालीन संघटना काढली. सभासद होण्यासाठी चार कलमांच्या प्रतिज्ञेवर सही करायची. शास्त्र आणि धर्मसुधारणेच्या काळातली विश्वासवचनं यांनाच बांधील राहीन. त्यांच्यावरच्या हल्ल्याला विरोध करीन. यापायी ज्यांचा छळ होईल त्यांची जबाबदारी उचलीन. आर्य कलम चर्चमध्ये आणणं हा विश्वासाचा भंग आहे असं मानतो. जानेवारी १९३४पर्यंत सुमारे ७,००० सह्या झाल्या.

तिसरं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बडतर्फ झालेल्या पाळकाचं घर चालायला हवं, त्यासाठी बाकीच्यांनी वर्गणी काढायची. श्रद्धेने माणसाला निर्भय केलं हे खरंच आहे, पण पगार बंद झाल्यावरही त्याला उभं ठेवलं ते या वर्गणीने.

जुनाकरार
चांगला धागा. बार्मेनबद्दल लिहितो.

१३ नोव्हेंबर १९३३ला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये 'जर्मन ख्रिस्तीं'ची सुमारे २०,००० लोकांची सभा झाली. राइनहोल्ड क्राउझं या वक्त्याने जुना करार काढून टाकण्याची आणि पौलाच्या 'ज्यू' धर्मशास्त्रापासून सुटका करून घेण्याची मागणी केली. सभेने ती उचलून धरली. तोवर काठावर बसलेले हजारो पाळक त्या रात्रीनंतर हलले. पुढच्या वर्षी २९ ते ३१ मे १९३४ला वुपर्टालच्या बार्मेन भागात, गेमार्कं चर्चमध्ये सिनड भरला. लुथरन, रिफॉर्म्ड आणि युनायटेड हे तिन्ही पंथ तिथे एकत्र बसले, आणि चारशे वर्षांचे वाद असलेल्या या पंथांनी एकच मजकूर मंजूर केला. मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांचा.

तो मजकूर बांधलाय कसा ते बघा. सहा प्रतिपादनं. प्रत्येकात आधी बायबलचं वचन, मग 'आम्ही हे मानतो', आणि शेवटी 'ही खोटी शिकवण आम्ही नाकारतो'. सगळा दम या तिसऱ्या भागात आहे. नुसतं 'येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द' म्हटलं असतं तर 'जर्मन ख्रिस्तीं'नीही आनंदाने सही केली असती. पुढे 'त्याच्याखेरीज इतर घटना, सत्ता, व्यक्ती यांनाही देवाचं प्रकटीकरण मानावं ही शिकवण आम्ही नाकारतो' आलं, तेव्हा हिटलरचं सत्तेवर येणं हीच देवाची करणी म्हणणाऱ्यांची वाट बंद झाली. विश्वासाची घोषणा काय नाकारते हे लिहिलेलं नसेल तर तिच्याखाली कुणीही उभं राहू शकतं.

ऑक्टोबर १९३४ला डालेमच्या सिनडने याच्या पुढचं पाऊल टाकलं: अधिकृत चर्चप्रशासनाने स्वतःच विश्वास मोडलाय, त्यामुळे 'आपत्कालीन अधिकारा'ने कारभार आता आम्ही चालवणार. 'ब्रूडरराट' म्हणजे बंधुमंडळं स्थापली. परीक्षा, दीक्षा, नेमणुका, दानाचा हिशोब, सगळं त्यांच्याकडे. बार्मेनला आलेले बरेच जण डालेमपर्यंत आले नाहीत. बव्हेरिया, व्युर्टेम्बेर्ग आणि हॅनोव्हरच्या बिशपांची प्रशासनं शाबूत होती, ती धोक्यात घालायची त्यांची तयारी नव्हती. पुढची फूट याच रेषेवर पडली.

गिरिजा_सो
रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचं काय? 'प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे.' लुथरन मुलखात लहानपणापासून हेच शिकवलं जात होतं. त्यातून सुटका कशी करून घेतली?

जुनाकरार
@गिरिजा_सो, बहुतेकांनी करून घेतलीच नाही, आणि जर्मनीतला विरोध तोकडा पडला त्याचं हे मोठं कारण आहे. बार्मेनचं पाचवं प्रतिपादन राज्यसंस्थेबद्दल आहे. तिथे रोमकरांस १३ न घेता १ पेत्र २:१७ घेतलंय: 'देवाचे भय धरा, राजाचा मान राखा.' दोन वेगळी क्रियापदं आहेत. भय देवाचं, राजाला फक्त मान. राज्याचं काम न्याय आणि शांतता राखणं, आणि माणसाच्या आयुष्याची एकमेव व्यवस्था होऊ पाहणारं राज्य आपली हद्द ओलांडतंय, असं ते म्हणतं. हद्द ओलांडली तर पाळकाने काय करायचं हे मात्र लिहिलेलं नाही.

बोनहॉफर यांनी ते एप्रिल १९३३मध्येच मांडलं होतं. तीन पायऱ्या: राज्याला त्याच्या कृत्यांचा जाब विचारणं, राज्याच्या बळींना मदत करणं, ते ख्रिस्ती नसले तरीही, आणि चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करण्यावर न थांबता चाकच अडवणं. 'ख्रिस्ती नसले तरीही' हे शब्द फार थोड्या लोकांनी मनावर घेतले.

वसई_उत्तर
प्रोटेस्टंट बाजू झाली, आता कॅथोलिक. २० जुलै १९३३ला व्हॅटिकनने हिटलर सरकारशी करार केला होता, त्यामुळे बिशपांचा पहिला भर कराराच्या उल्लंघनाबद्दल पत्रं लिहिण्यावरच राहिला. पत्रांचा उपयोग होईना. जानेवारी १९३७मध्ये पाच जर्मन बिशप रोमला आजारी पोप अकरावे पायस यांना भेटले. कार्डिनल फाउलहाबर यांनी मसुदा लिहिला, कार्डिनल पाचेल्ली यांनी तो वाढवला आणि जास्त टोकदार केला. 'मिट ब्रेनेंडर झोर्गं', म्हणजे 'जळत्या चिंतेने', हे परिपत्रक असं तयार झालं. अशी पत्रं लॅटिनमध्ये काढायची प्रथा. हे मुद्दाम जर्मनमध्ये काढलं, कारण ते मंडळीला ऐकवायचं होतं.

ते पोचवलं कसं हे शिकण्यासारखं आहे. तारीख १४ मार्च १९३७, वाचन २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी. वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांपैकी तो एक. मधला सगळा आठवडा गुप्तता राखायची होती. मजकूर व्हॅटिकनच्या बर्लिनमधल्या राजदूतावासातून बिशपांकडे गेला, बिशपांनी आपापल्या भागातले विश्वासू छापखाने गाठले. बारा छापखान्यांत मिळून सुमारे तीन लाख प्रती निघाल्या. टपाल टाळलं, कारण टपाल उघडलं जात होतं. पायी, सायकलवर, मोटरसायकलवर हातोहात वाटप झालं. काही धर्मगुरूंनी प्रत वाचनाच्या वेळेपर्यंत पवित्र साक्रामेंत ठेवायच्या पेटीत ठेवली. गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, आदल्या दिवशी कुणकुण लागली, तोवर प्रती गावोगाव पोचल्या होत्या.

शिक्षा मुख्यतः छापणाऱ्यांना झाली. बाराही छापखाने भरपाई न देता जप्त केले. धर्मगुरूंवरचे अनैतिकतेचे खटले पुन्हा जोरात सुरू झाले. सरकारने वर्तमानपत्रांत परिपत्रकाचा उल्लेखच होऊ दिला नाही, आणि त्या गप्प राहण्याने बराच परिणाम मारला गेला. मजकुराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वंश, राष्ट्र आणि राज्य यांना देव करण्यावर त्यात कडक प्रहार आहे. पण हिटलरचं नाव नाही आणि ज्यूंच्या छळाचा थेट उल्लेख नाही.

कोर्टकचेरी
कायद्याच्या अंगाने दोन उदाहरणं देतो. दोन्ही 'टी-४' मोहिमेविरुद्धची, म्हणजे मनोरुग्ण आणि अपंगांना मारण्याच्या सरकारी कार्यक्रमाविरुद्धची.

लोथार क्रायसिग ब्रांडेनबुर्गला पालकत्व न्यायाधीश होते आणि नाझी चर्चप्रशासन नाकारणाऱ्या 'बेकेनेंडं किर्खं'चे, म्हणजे विश्वासांगीकार मंडळीचे कार्यकर्ते. ज्यांना स्वतःचा व्यवहार सांभाळता येत नाही अशा रुग्णांच्या फायली त्यांच्या टेबलावर असत. १९४०मध्ये त्या फायलींत मृत्यूच्या नोंदी एकापाठोपाठ येऊ लागल्या. जुलैत त्यांनी न्यायमंत्री ग्युर्टनर यांना पत्र लिहिलं, आणि मोहिमेचा प्रमुख फिलिप बूलर याच्यावर खुनाची फिर्याद दिली. आपल्या कक्षेतल्या इस्पितळांना लेखी कळवलं: न्यायालयाच्या परवानगीशिवाय माझ्या पाल्यांना हलवायचं नाही. ग्युर्टनर यांनी हिटलरच्या सहीचा आदेश दाखवला. क्रायसिग यांचं उत्तर असं की फ्यूररच्या शब्दाने अन्यायाचा न्याय होत नाही. त्यांना सक्तीने निवृत्त केलं. अशी फिर्याद देणारा न्यायाधीश देशभरात हा एकटाच.

दुसरे म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन. १९४१मध्ये त्यांनी तीन प्रवचनं दिली: १३ जुलै, २० जुलै आणि ३ ऑगस्ट. पहिल्या दोन्हींचा रोख गेस्टापोच्या अटकांवर आणि मठांच्या जप्तीवर. तिसऱ्यात त्यांनी दंडसंहिता वाचून दाखवली. कलम २११: जाणूनबुजून खुनाला देहदंड. कलम १३९: असा गुन्हा घडणार हे ठाऊक असून न कळवणाऱ्याला शिक्षा. मग सांगितलं की या कलमानुसार मी २८ जुलैला सरकारी वकील आणि पोलीसप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली आहे, आणि काही कारवाई झाल्याचं मला कळवलेलं नाही. श्रोत्यांना पुढचा प्रश्न घरचा होता: आपण म्हातारे, निकामी झालो, किंवा सैनिक अपंग होऊन परतले, तर त्यांचं काय?

मजकूर आधीच टंकलिखित होता, म्हणून नकला लगेच निघाल्या. टंकयंत्रावर कार्बन लावून लोकांनी त्या पसरवल्या, ब्रिटिश विमानांनी उतारे पत्रकांतून टाकले. गालेन यांना फाशी द्यावी असं पक्षातल्या काहींचं म्हणणं होतं. गोबेल्सने युद्ध चालू असेपर्यंत हात लावू नका असा सल्ला दिला, नाहीतर म्युन्स्टरभोवतालचा सगळा वेस्टफालिया प्रांत हातचा जाईल ही भीती. २४ ऑगस्टला हिटलरने वायुकक्षांतली हत्या थांबवण्याचा आदेश दिला. तोवर ७०,२७३ माणसं मारली गेली होती, आणि नंतरही उपासमार आणि औषधांनी हत्या चालूच राहिल्या. बिशपांना हात लागला नाही, पण प्रती वाटणाऱ्यांना लागला. ल्युबेकचे तीन कॅथोलिक धर्मगुरू, प्रासेक, लांगं आणि म्युलर, आणि लुथरन पाळक श्टेलब्रिंक यांचा १० नोव्हेंबर १९४३ला हाम्बुर्गमध्ये शिरच्छेद झाला. त्यांच्यावरच्या आरोपांत ही प्रवचनं पसरवणंही होतं.

रानवारा
इतकं सगळं वाचून एक गोष्ट ठळकपणे मांडायला हवी. वरचा बहुतेक विरोध स्वतःच्या माणसांसाठी आहे: स्वतःचे पाळक, स्वतःचे मठ, स्वतःचे रुग्ण. बार्मेनच्या सहा प्रतिपादनांत ज्यूंचा उल्लेख नाही. बार्ट यांनी नंतर ही स्वतःची चूक मानली.

१९३६चं निवेदन बघा. विश्वासांगीकार मंडळीच्या हंगामी नेतृत्वाने हिटलरला खासगी निवेदन लिहिलं आणि ४ जूनला पोचवलं. त्यात छळछावण्या, कायद्याबाहेरचा गेस्टापो आणि ज्यूद्वेष यांवर स्पष्ट बोट आहे: ज्यूंचा द्वेष करायला लावलं जातं तिथे ख्रिस्ती माणसासमोर शेजारप्रीतीची आज्ञा उभी असते. जुलैत ते परदेशी वर्तमानपत्रांत छापून आलं. देशद्रोहाचा आरोप होईल या भीतीने नेतृत्व हादरलं, आणि संशय त्यांच्याच कार्यालयाचे प्रमुख फ्रीडरिख वाइसलर यांच्यावर गेला. ते ज्यू वंशाचे ख्रिस्ती, १९३३मध्ये बडतर्फ झालेले न्यायाधीश. चर्चने त्यांच्यापासून हात झटकले. त्यांच्याबरोबर पकडलेले दोघे 'आर्य' तरुण जगले. वाइसलर यांना झाक्सेनहाउझन छावणीत वेगळं काढलं आणि १९ फेब्रुवारी १९३७पर्यंत मारहाणीने त्यांचा जीव गेला. चर्चने त्यांच्यासाठी प्रतिज्ञेच्या तिसऱ्या, वर्गणीच्या कलमातलं काहीही केलं नाही.

दोन वर्षांनी शपथेचं प्रकरण. २० एप्रिल १९३८ला, हिटलरच्या वाढदिवसाची भेट म्हणून, पाळकांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असं चर्चच्या सरकारधार्जिण्या कार्यालयाने फर्मावलं. विश्वासांगीकार मंडळीच्याही बहुसंख्य पाळकांनी ती घेतली. नंतर नाझी पक्षाचा नेता बोरमान याचं पत्रक उघड झालं: फ्यूररला या शपथेत काहीही रस नाही. त्याच नोव्हेंबरात सिनगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, जळाली तेव्हा व्यासपीठं बहुतेक गप्प होती. ओबरलेनिंगनचे पाळक युलियुस फॉन यान १६ नोव्हेंबरला बोलले, त्यांना जमावाने मारलं आणि सरकारने तुरुंगात टाकलं. बर्लिनचे कॅथोलिक धर्मगुरू लिख्टेनबेर्ग रोज संध्याकाळच्या उपासनेत ज्यूंसाठी उघड प्रार्थना करत राहिले. १९४१मध्ये अटक झाली, ५ नोव्हेंबर १९४३ला डाखाऊ छावणीच्या वाटेवर ते वारले.

सोपारा
@रानवारा, पूर्ण सहमत, आणि वाइसलर यांच्याबद्दल लिहिलंत हे फार बरं झालं. एक भर: पाळक ग्र्युबर यांनी १९३८मध्ये बर्लिनला कार्यालय उघडलं. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना व्हिसा, प्रवासखर्च, शाळा, वृद्धांची सोय अशी कामं तिथे चालत. डिसेंबर १९४०मध्ये गेस्टापोने ते बंद केलं, ग्र्युबर छावणीत गेले. त्यांचे सहकारी वेर्नर सिल्टन यांना १९४२मध्ये हार्टहाइममध्ये मारलं.

फ्योर्डकाठ
नॉर्वेकडे वळा. लुथरन शिकवण तीच, रोमकरांस १३ तेच, परिणाम वेगळा. का?

तयारी आधी झाली होती. ऑक्टोबर १९४०मध्येच ऑस्लोचे बिशप बेर्गग्राव आणि कट्टर परंपरावादी प्राध्यापक हाल्लेस्बी एका समितीत बसले. चर्चमधले दोन टोकांचे विरोधक. मग १ फेब्रुवारी १९४२ला नाझींचा नॉर्वेतला हस्तक क्विसलिंग पंतप्रधान झाला. त्या दिवशी ट्रॉनहाइमच्या निदारोस कथीड्रलमधली मुख्य उपासना सरकारी पाळकाला दिली, तिकडे लोक फिरकले नाहीत. दुपारी दोनला डीन फ्येलबू यांची उपासना होती. पोलिसांनी दारं अडवली, तेव्हा जमाव कडाक्याच्या थंडीत बाहेर उभा राहून मार्टिन लुथरचं 'आमचा देव बळकट दुर्ग' गाऊ लागला. फ्येलबू बडतर्फ झाले. २४ फेब्रुवारीला सातही बिशपांनी राजीनामे दिले.

राजीनाम्याची मांडणी लक्षात घ्या. नॉर्वेचं चर्च सरकारी: नेमणूक सरकारची, पगार सरकारचा. बिशप म्हणाले, सरकारने दिलेलं पद परत करतो, दीक्षेने मिळालेलं काम ठेवतो. म्हणजे कार्यालय, शिक्का, पगार सोडायचा. प्रवचन, बाप्तिस्मा, दफनविधी चालू ठेवायचे. क्विसलिंगच्या हाती रिकामी कार्यालयं उरली. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, 'शिर्केन्स ग्रुन' म्हणजे 'चर्चचा पाया' ही सहा भागांची घोषणा देशभर वाचली गेली आणि ९० टक्क्यांहून अधिक पाळकांनी तसेच राजीनामे दिले. त्यातला एक भाग मुलांवरच्या आईबापांच्या अधिकाराचा. फेब्रुवारीतच मुलांना क्विसलिंगच्या पक्षाच्या युवक संघटनेत सक्तीने घालण्याचा कायदा आला होता, आणि हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची नकारपत्रं पाठवली होती. मजकूर एकच असल्यामुळे म्होरक्या शोधता आला नाही. पाळकांना पगार मंडळीच्या वर्गणीतून मिळू लागला. सरकारी पाळक गावात आला की चर्च रिकामं राही. बेर्गग्राव यांना एप्रिल १९४५पर्यंत आस्करच्या रानातल्या लाकडी घरात कैदेत ठेवलं.

रोमकरांस १३बद्दल त्यांचा युक्तिवाद सरळ होता: तो अध्याय न्याय राखणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल आहे, जो कायदाच मोडतो तो त्या अध्यायातला अधिकारी नव्हे. लुथरच्याच लिखाणातून त्यांनी ते दाखवलं.

नोव्हेंबर १९४२मध्ये नेत्यांनी क्विसलिंगला ज्यूंच्या छळाविरुद्ध पत्र लिहिलं, ते व्यासपीठांवरून वाचलंही गेलं. तरी २६ नोव्हेंबरला 'डोनाऊ' जहाज ५००हून अधिक ज्यूंना घेऊन ऑस्लोहून निघालं. निषेधाचं पत्र फार उशिरा आलं, आणि लपवण्याची, सीमेपार नेण्याची व्यवस्था तोवर अपुरी होती. हे काम फ्रान्समधल्या एका पठारावर जास्त चांगलं झालं.

गिरिजा_सो
ल शांबों ना? तिथली रचना कशी होती?

सोपारा
ल शांबों-सुर-लिन्यों आणि आजूबाजूची गावं. शेतकरी बहुतेक प्रोटेस्टंट. १६८५मध्ये प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारा नांतचा फतवा रद्द झाल्यावर यांच्याच पूर्वजांना रानात लपून उपासना करावी लागली होती, त्यामुळे 'पोलिसांना सांगायचं नाही' हे कुणी शिकवायची गरज नव्हती. २३ जून १९४०ला, शस्त्रसंधीच्या दुसऱ्या दिवशी, पाळक त्रोक्मे आणि थेस यांनी प्रवचनात सांगितलं की जबरदस्तीला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे.

निरोप बायबल अभ्यासाच्या छोट्या गटांतून जात. एका गटाला दुसऱ्याची सगळी माहिती नसे. मुलं वसतिगृहांत आणि शेतघरांत विखुरलेली. पैसा क्वेकर पंथीय, स्विस मदतसंस्था आणि 'सिमाद' ही फ्रेंच प्रोटेस्टंट मदतसंस्था यांच्याकडून. खोटी ओळखपत्रं आणि रेशनकार्डं स्थानिक पातळीवर बनत, कारण लपलेल्या माणसाला खायला घालायचं तर रेशनकार्ड आधी लागतं. सिमादच्या बायका काहींना स्वित्झर्लंडच्या सीमेपार नेत. ऑगस्ट १९४२मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले, यादी मागितली. त्रोक्मे यांनी दिली नाही. फेब्रुवारी १९४३मध्ये त्यांना, थेस यांना आणि शाळेचे दार्सिसाक यांना पकडलं, सुमारे महिन्याने सोडलं. काम थांबलं नाही, कारण ते या तिघांवर अवलंबून नव्हतं. जूनमध्ये मात्र गेस्टापोने एका वसतिगृहावर छापा घातला. त्रोक्मे यांचे नातेवाईक दानिएल त्रोक्मे आपल्या विद्यार्थ्यांसोबत गेले आणि मायदानेक छावणीत मेले.

अनुस्वार
बोनहॉफर गांधीजींकडे येणार होते असं ऐकलंय. ते कितपत खरं?

जुनाकरार
@अनुस्वार, खरं आहे. १९३४मध्ये ते लंडनला जर्मन मंडळीचे पाळक होते. बिशप जॉर्ज बेल यांनी गांधीजींना त्यांची ओळख करून देणारं पत्र लिहिलं आणि १ नोव्हेंबरला गांधीजींचं बोलावणं आलं: मी तुरुंगाबाहेर असलो आणि एका ठिकाणी असलो तर माझ्यासोबत राहा. त्या काळात गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला असे. अहिंसक प्रतिकार आणि सामुदायिक जीवन दोन्ही जवळून बघायचं होतं. ते राहिलं, कारण विश्वासांगीकार मंडळीने त्यांना नव्या पाळक-प्रशिक्षण केंद्राचं काम दिलं.

ते केंद्र एप्रिल १९३५मध्ये त्सिंग्स्टला सुरू होऊन जूनमध्ये फिंकनवाल्डंला गेलं. अशी पाच केंद्रं होती. दिवसाची सुरुवात आणि शेवट एकत्र प्रार्थनेने, आणि रोज सकाळी अर्धा तास शांत मनन, आठवडाभर एकाच वचनावर. हे भक्तीचं शिक्षण होतं आणि टिकून राहण्याचंही, कारण पुढे या मुलांना दूरच्या गावांत एकट्याने काम करायचं होतं. ऑगस्ट १९३७मध्ये पोलीसप्रमुख हिमलरने असं प्रशिक्षण बेकायदा ठरवलं, सप्टेंबरअखेर गेस्टापोने दाराला कुलूप लावलं. मग विद्यार्थी कागदोपत्री आसपासच्या पाळकांचे मदतनीस म्हणून नेमले आणि दोन ठिकाणी एकत्र ठेवून शिकवले. ते मार्च १९४०पर्यंत चाललं. या 'बेकायदा' पाळकांना सरकारमान्य परीक्षा नाही, म्हणून नियमित पगार नाही, पाळकाचं घर नाही. १९३८पासून 'कायदेशीर करून घेऊ' असं आमिष आलं: अधिकृत कार्यालयापुढे अर्ज करा, नेमणूक घ्या. अनेकांनी घेतली, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्यांना दोष देणं मला जमत नाही. ज्यांनी घेतली नाही त्यांतल्या बहुतेकांना युद्ध सुरू झाल्यावर सैन्यात साधे शिपाई म्हणून ओढलं, आणि बोनहॉफर आघाडीवर त्यांना परिपत्रकं पाठवत राहिले. छापील परिपत्रकांवर बंदी आल्यावर तेच मजकूर ते खासगी पत्र म्हणून, प्रत्येकावर स्वतः सही करून धाडत.